तलवारसंग्रह आणि घरातील मांडणी

तलवारसंग्रह : तलवारी जमवणे, त्यांचा काळ व घडणीचे ठिकाण ओळखणे, त्या जतन करणे आणि राहत्या घरात मांडून ठेवणे. शस्त्रागारापेक्षा संग्रह वेगळा असतो. शस्त्रागारातली तलवार वापरासाठी असते, म्हणून तिला धार लावतात, मूठ बदलतात, गंज घासून काढतात. संग्रहात आलेली तलवार हा पुरावा असतो. तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा, गंजाचा थर आणि दुरुस्तीची खूण काहीतरी सांगत असते. हा फरक लक्षात न घेता हौसेने तलवार ‘नवी करून’ भिंतीवर लावणारे मालक हेच जुन्या पात्यांचे सर्वांत मोठे शत्रू ठरले आहेत. लढायांनी त्यांचे तेवढे नुकसान केलेले नाही.

परंपरा

जिंकलेली शस्त्रे मंदिरात किंवा दरबारात लावण्याची रीत प्राचीन असली, तरी शस्त्रांचा हेतुपूर्वक संग्रह सोळाव्या शतकात दिसू लागतो. ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांताचा राजपुत्र (आर्चड्यूक) दुसरा फर्डिनांड (मृत्यू १५९५) याने नामांकित योद्ध्यांना आणि त्यांच्या वारसांना पत्रे पाठवून त्यांची चिलखते व शस्त्रे मागवली आणि इन्सब्रुकजवळच्या अँब्रास किल्ल्यात मांडली. त्या संग्रहाची सचित्र सूची १६०१ मध्ये छापली गेली. वस्तू कोणाची, हे तिच्या रूपाइतकेच महत्त्वाचे मानणारा हा पहिला मोठा संग्राहक म्हणता येईल. भिंतीवरच्या भव्य रचनांचा मान लंडन टॉवरमधील शस्त्रभांडाराकडे जातो. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन हॅरिस या कारागिराने तेथे हजारो शस्त्रांची चक्रे, सूर्य आणि स्तंभ रचले होते. १८४१ च्या आगीत ते भांडार जळाले, पण हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली त्याच धाटणीची रचना आजही पाहता येते. दिवाणखान्यात ढालीमागे दोन तलवारी फुलीसारख्या लावण्याची पद्धत अशाच दरबारी रचनांची घरगुती, आटोपशीर आवृत्ती आहे.

घरगुती संग्रहाचे खरे युग मात्र एकोणिसावे शतक. क्रांत्या आणि युद्धांमुळे युरोपातल्या सरदारांची जुनी शस्त्रागारे रिकामी होत होती, सैन्ये नवे नमुने स्वीकारून जुने मोडीत काढत होती, आणि मध्ययुगाविषयीचे आकर्षण शिगेला पोचले होते. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याने स्कॉटलंडमधील ॲबट्सफर्ड या आपल्या घरात शस्त्रांची खास दालने केली. स्कॉटिश बंडखोर रॉब रॉय याची म्हणून ओळखली जाणारी तलवार तेथेच आहे. जपानमध्ये १८७६ च्या हुकुमाने सामुराईंना तलवार बाळगून हिंडण्याची मनाई झाली. एका पिढीत असंख्य पाती निरुपयोगी ठरली आणि त्यांतली पुष्कळशी परदेशी संग्राहकांकडे गेली. मिलानचा पोल्दी पेझ्झोली, फ्लॉरेन्सचा फ्रेडरिक स्टिबर्ट आणि लंडनचा रिचर्ड वॉलेस यांची घरे पुढे संग्रहालये झाली ती याच काळातल्या खरेदीच्या जोरावर. वॉलेस संग्रह १९०० मध्ये लोकांसाठी खुला झाला. शस्त्रविद्येचा पाया घालणारे अनेक जण हौशीच होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील शस्त्रविभागाचा पहिला प्रमुख बॅशफर्ड डीन (१८६७–१९२८) हा पेशाने मत्स्यशास्त्रज्ञ होता. जातींचे वर्गीकरण करण्याची त्याची सवय शस्त्रांच्या अभ्यासाला चांगलीच उपयोगी पडली असणार.

मागणी वाढली तसा बनावट मालही वाढला. लंडनचा व्यापारी सॅम्युअल प्रॅट आणि म्युनिकचा अर्न्स्ट श्मिट यांच्याकडून निघालेल्या वस्तू आता स्वतःच दीडशे वर्षांच्या आसपास जुन्या आहेत. श्मिटच्या प्रतिकृती इतक्या सुबक असत, की त्यांचाही वेगळा संग्रह करणारे लोक आहेत.

संग्रहाचे प्रकार

संग्राहक सहसा एखाद्या प्रदेशाला, काळाला किंवा प्रकाराला धरून राहतात. जपानी पाती, इराणी-तुर्की-भारतीय वक्र तलवारी, मध्ययुगीन युरोपातील सरळ दुधारी तलवारी आणि सैनिकी नमुन्याच्या तलवारी ही मोठी क्षेत्रे. नवख्याला सैनिकी तलवारी सर्वांत सोप्या, कारण त्यांचे नमुने सरकारी हुकुमाने ठरलेले असत आणि त्यांची नोंद सापडते. ब्रिटनच्या १७९६ च्या नमुन्याची हलक्या घोडदळाची वक्र तलवार हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. विल्किन्सन कंपनीने १८५० च्या दशकापासून आपल्या चांगल्या तलवारींच्या पाठीवर क्रमांक घातले. तिच्या नोंदवह्यांमधून अनेकदा मूळ खरेदीदार अधिकाऱ्याचे नाव मिळते, आणि एका साध्या तलवारीला अचानक चरित्र मिळते.

आधुनिक प्रतिकृतींचा संग्रहही मोठा आहे. त्यांत दोन जाती स्पष्ट वेगळ्या आहेत. फक्त भिंतीसाठी केलेली तलवार बहुधा स्टेनलेस पोलादाची असते आणि तिच्या पात्याचा मुठीत जाणारा दांडा बारीक, कित्येकदा नुसता डाग देऊन जोडलेला असतो. ती चमकते, गंजत नाही, पण जोरात फिरवली तर पाते मुठीतून निसटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकते. वापरता येण्याजोगी प्रतिकृती कार्बन पोलादाची, योग्य पाणी दिलेली असते, आणि तिला जुन्या पात्यासारखेच तेलपाणी करावे लागते.

ओळख आणि पारख

पहिला धडा असा, की पाते आणि मूठ एकाच वयाची असतीलच असे नाही. चांगले पाते दोन-तीनशे वर्षे वापरात राही आणि मूठ फॅशनप्रमाणे बदलत जाई. युरोपात घडलेली पाती भारतीय मुठींत बसवली गेली. त्यांना फिरंग असे नावच पडले. अशी जोडणी जुन्या काळीच झाली असेल तर तो तलवारीच्या आयुष्याचा भाग. गेल्या पन्नास वर्षांत विक्रीसाठी झाली असेल तर ती फसवणूक. दोहोंतला फरक मुठीच्या सांध्यातील मळ, राळ आणि झीज पाहून करावा लागतो.

दुसरा धडा, नावावर विश्वास ठेवू नये. ‘उल्फबेर्ट’ हे नाव कोरलेल्या नवव्या ते अकराव्या शतकांतल्या सुमारे १७० तलवारी युरोपात सापडल्या आहेत. एका माणसाच्या आयुष्यात इतका मोठा कालखंड मावत नाही, आणि त्यांतल्या काहींवर अक्षरांचा क्रमही चुकलेला आहे. इस्फहानचा नामवंत तलवारकार असदुल्लाह याचे नाव इराणी पात्यांवर पिढ्यान्‌पिढ्या घातले गेले. स्कॉटिश तलवारींवर ‘आंद्रेआ फेरारा’ हे इटालियन तलवारकाराचे नाव असते, पण ती पाती बहुतेक जर्मनीतली. जर्मनीतील पासाऊच्या लोहारांचा धावत्या लांडग्याचा छाप झोलिंगन या दुसऱ्या जर्मन गावाच्या लोहारांनीही उचलला. जपानमध्ये खोट्या सहीसाठी ‘गिमेई’ असा रूढ शब्दच आहे. म्हणजे ज्याला आज आपण बनावट छाप म्हणतो ती गोष्ट तलवारीच्या व्यापाराइतकीच जुनी. सही हा शोधाचा प्रारंभ मानावा, निष्कर्ष नव्हे.

म्हणून अभ्यासक आकाराकडे वळतात. नॉर्वेच्या यान पेटरसन याने १९१९ मध्ये व्हायकिंग तलवारींचे वर्गीकरण मुठींवरून केले. इंग्रज संग्राहक व चित्रकार युअर्ट ओकशॉट (१९१६–२००२) याने मध्ययुगीन तलवारींचे प्रकार मुख्यतः पात्याच्या आकारावरून पाडले आणि त्यांना दहापासून बावीसपर्यंत रोमन आकडे दिले. पात्याचा निमुळतेपणा, छेद आणि मधली पन्हळ या त्याच्या खुणा. ही पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते ही समजूत फार चिवट आहे. प्रत्यक्षात ती पाते मजबूत ठेवून हलके करते. वजनाबद्दलही असाच गैरसमज आढळतो. एका हाताने चालवायच्या बहुतेक युरोपीय तलवारी एक ते दीड किलोच्या आत भरतात आणि त्यांचे पाते टोकाकडे जाडीलाही कमी होत जाते. हातात घेताच लोखंडी सळईसारखी जड वाटणारी ‘प्राचीन’ तलवार बहुधा प्राचीन नसते.

पोलादाची पारख हा सर्वांत रंगतदार भाग. भारतात मुशीत वितळवून केलेल्या वुट्झ पोलादात कार्बनचे प्रमाण जास्त असते. ते कमी तापमानाला पुन्हापुन्हा ठोकले, की कार्बाइडचे कण थरांत जमतात आणि आम्लाच्या हलक्या स्पर्शाने पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, म्हणजेच जौहर, उमटते. पोलादातील व्हॅनेडियमसारख्या अल्प घटकांचा त्यात वाटा असल्याचे प्रयोगांनी दाखवले आहे. निरनिराळ्या लोखंडांच्या पट्ट्या पीळ देऊन जोडलेले पाते दिसायला जवळचे वाटते, पण त्याची घडण वेगळी. साध्या पोलादावर आम्लाने रेघा काढून केलेली नक्कल थोड्या घासण्यानेही फिकी पडते.

जपानी पात्यात पारखी सर्वांत आधी मुठीतला दांडा, नाकागो, पाहतो. बांबूची खुंटी काढली की मूठ सुटते आणि सही, कानशीच्या खुणा व गंजाचा रंग दिसतो. हा काळपट गंज वयाचा दाखला असल्याने तो कधीही काढत नाहीत. पूर्वी होनामी या तलवारपारख्यांच्या घराण्याची पारख अंतिम मानत. १९४८ पासून जपानी कलातलवारींच्या जतनासाठी स्थापन झालेली संस्था अशी प्रमाणपत्रे देते.

मालकीची साखळी किमतीवर किती परिणाम करते याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे टिपू सुलतानाची शयनगृहातील तलवार. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती जनरल डेव्हिड बेअर्डला देण्यात आली, आणि मे २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात तिला १.४ कोटी पौंडांहून अधिक किंमत आली. उलट बाजूही आहे. होंजो मासामुने हे जपानचे नामांकित पाते १९४५ च्या अखेरीस इतर शस्त्रांबरोबर पोलीस ठाण्यात जमा झाले आणि त्यानंतर ते कोणाच्याही संग्रहात उघडपणे दिसलेले नाही.

घरातील मांडणी

जागा निवडताना शोभेआधी हवेचा विचार करावा. शेकोटीच्या वरची भिंत ही युरोपीय घरांतली पारंपरिक जागा, आणि तलवारीसाठी ती सर्वांत वाईट. तेथे उष्णता आणि काजळी दोन्ही असतात. भारतीय तलवारींची मूठ पात्यावर लाख किंवा राळ तापवून बसवलेली असते. सततच्या उष्णतेने ती सैल होते. ओल धरणारी बाहेरची भिंत, स्वयंपाकघराशेजारची जागा आणि थेट ऊन येणारी खिडकीसमोरची बाजूही टाळावी. लोखंडाला कोरडी हवा हवी, तर लाकूड, चामडे आणि हस्तिदंत फार कोरड्या हवेत तडकतात. दोन्ही एकत्र असलेल्या तलवारीसाठी ४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता ही तडजोड ठरते. आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे, कारण नुकसान मुख्यतः वारंवारच्या चढउताराने होते.

तलवार आडवी ठेवणे सर्वांत सुरक्षित. एक आधार मुठीजवळ, दुसरा टोकापासून साधारण तिसऱ्या भागावर, आणि दोन्हींना मऊ अस्तर. अस्तर लोकरीचे किंवा गंधकयुक्त रबराचे नसावे, त्यामुळे चांदीकाम काळे पडते. ओक लाकडाच्या बंद कपाटात आम्लाची वाफ साठते आणि धातू खाते, हेही पुष्कळांना उशिरा कळते. म्यानाच्या कड्यांवर तलवार टांगू नये. कडी जुनी असते, वजन सगळे तिच्यावर येते. जपानी लाकडी आधारावर (घोडीवर) काताना या वक्र तलवारीची धार वर ठेवतात, त्यामुळे पाते म्यानाच्या आत धारेवर टेकून राहत नाही. कमरेला लटकवायची जुनी ‘ताची’ मात्र धार खाली करून मांडतात.

पलंग, बैठक आणि दार यांच्या वर तलवार लावू नये. मुले किंवा पाहुणे सहज पोचतील अशा ठिकाणी कुलपाची काचपेटी हवी. पाहुण्यांची पहिली इच्छा तलवार उपसून पाहण्याची असते, आणि अपघात बहुधा तेव्हाच होतो. जुन्या म्यानाची शिवण कुजलेली असेल तर धार तिच्यातून बाहेर येते; म्हणून उपसताना म्यानाच्या धारेकडच्या बाजूला बोटे गुंडाळू नयेत.

मांडणीच्या सौंदर्याबद्दल एवढेच, की दाटी करू नये. एका भिंतीवर वीस तलवारी दिसतात तेव्हा एकही दिसत नाही. पात्याची नक्षी पाहायची तर दिवा बाजूने, तिरका हवा. समोरच्या प्रखर उजेडात जौहरही दिसत नाही आणि जपानी पात्याची हामोन ही धारेलगतची रेषाही.

जतन

बोटांच्या घामातील क्षार काही तासांत पात्यावर ठसा उमटवतात, म्हणून नायट्राइलचे हातमोजे वापरून पाते हाताळावे आणि ठेवण्याआधी पुसावे. साध्या पात्यावर आम्लरहित खनिज तेलाचा किंवा सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर पुरतो. मेणावर धूळ कमी बसते, त्यामुळे उघड्या मांडणीत तेच बरे. जपानी पाती मात्र तेल लावून मॅग्नोलियाच्या लाकडाच्या साध्या म्यानात ठेवतात. चामड्याच्या म्यानात तलवार कायमची ठेवू नये. कातडे कमावताना राहिलेली आम्ले आणि शोषलेली ओल आतल्या आत पाते खातात, आणि बाहेरून काही कळत नाही. म्यान शेजारी मांडावे.

भुकटीसारखा तांबूस गंज चालू असलेला असतो, तो थांबवावा लागतो. घट्ट, काळसर थर स्थिर असतो, त्याला हात लावू नये. सँडपेपर, बफिंगचे चाक आणि घरगुती रसायने कायमची बाद. कोफ्तगिरीतले सोने खरवडलेल्या लोखंडावर दाबून बसवलेल्या तारांचे किंवा पत्र्याचे असते, आणि उत्साहाने केलेली एक पॉलिश ते पुसून टाकू शकते. जपानी पात्याला पॉलिश करणे हा प्रशिक्षित कारागिराचा स्वतंत्र व्यवसाय आहे. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडे पोलाद जातेच.

कायदा

नियम देशागणिक बदलतात. जपानमध्ये १९५८ च्या कायद्याखाली पाते कलावस्तू म्हणून प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे नोंदवावे लागते आणि नोंदपत्र तलवारीबरोबर राहते. इंग्लंड व वेल्समध्ये ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर २००८ पासून बंदी आहे. १९५४ पूर्वीच्या किंवा पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारी तिच्यातून वगळल्या आहेत. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा तलवारींना लागू होतो, शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा, ज्याखाली त्या खासगी व्यक्तींना देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तिदंताची मूठ असेल तर वन्यजीव व्यापाराचे आंतरराष्ट्रीय निर्बंधही आड येतात, मग तलवार कितीही जुनी असो. सवलत मिळण्यासाठी वय कागदपत्रांनी सिद्ध करावे लागते. खरेदीची पावती, जुने फोटो, आधीच्या मालकांची माहिती आणि केलेल्या दुरुस्त्यांची नोंद प्रत्येक तलवारीगणिक वेगळ्या फायलीत ठेवण्याची शिफारस यासाठीच केली जाते.