नाटकाचे चार आवाज आणि एका फाइलीचा प्रवास

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक चढतं ते रात्री दहानंतर आणि संपतं तेव्हा तांबडं फुटलेलं असतं. भाऊबिजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा लागतात. या नाटकांचं शूटिंग करताना माझी खरी परीक्षा होते ती आवाजाची. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड स्टेजला लागूनच असतात आणि संवाद पकडायचे ते वर टांगलेल्या माइकांतून. सगळं एकाच ट्रॅकवर आलं की ऑर्गन संवाद गिळतो. मग एडिटिंगला कितीही रात्री जागवा, तो शब्द परत येत नाही.

म्हणून आवाज वेगवेगळे ठेवणाऱ्या फाइलीचा इतिहास मला जवळचा वाटतो.

१९९५ मध्ये डीव्ही टेप आली. सेकंदाला २५ मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण १३ जीबी. आवाज १६ बिटमध्ये दोन ट्रॅकवर. चार हवे असतील तर १२ बिटवर, म्हणजे कमी दर्जावर, उतरायचं. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर पुढे किनो नावाचा साधा एडिटर आला, फायरवायरच्या केबलने टेप उतरवून घ्यायचा. लग्नाच्या कामाला तो पुरे.

टीव्हीवाल्यांचं जग मात्र टेप सोडून फाइलीकडे निघालं होतं. सोनीचं डिस्कवर चित्रण करणारं एक्सडीकॅम २००३ मध्ये आलं, पॅनासॉनिकचं पी२ कार्ड २००४ मध्ये, आणि त्याच वर्षी एमएक्सएफ हे प्रमाण ठरलं. एमएक्सएफ म्हणजे डबा: आत चित्र, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ) आणि आवाजाचे सुटे ट्रॅक. एक्सडीकॅमच्या ५० मेगाबिटच्या प्रकारात असे आठ ट्रॅक मावतात. पी२ची तऱ्हा निराळी. तिथे चित्राची फाइल ‘व्हिडिओ’ फोल्डरात आणि प्रत्येक आवाजाची वेगळी फाइल शेजारच्या ‘ऑडिओ’ फोल्डरात. एका हंगामात सेकंडहँड कॅमेऱ्याचं कार्ड विंगेमागे घाईघाईत रिकामं करताना मी नुसतं ‘व्हिडिओ’ उचललं आणि कार्ड फॉर्मॅट केलं. अख्खा अंक मुका झाला. कंपनीच्या मालकांना ते सांगायला जाताना पाय उचलत नव्हते.

हे डबे फुकटात उघडायची सोय झाली ती एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. फाब्रिस बेलार्ड यांनी २००० मध्ये ते सुरू केलं आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवलं. ॲपलचा प्रोरेस हा व्हिडिओचा प्रकार २००७ मध्ये आला. त्याची बारकाईने उकल करून या मंडळींनी २०११ मध्ये तो वाचून दाखवला.

पण फाइल उघडणं वेगळं आणि टाइमलाइनवर, म्हणजे एडिटरच्या पट्टीवर, तिचं काम करणं वेगळं. त्यासाठीचं इंजिन म्हणजे एमएलटी, आणि त्याची मुळं आपल्या शेजारी, हैदराबादेत पोहोचतात. एमएलटीच्या कोडच्या जुन्या फाइलींच्या माथ्यावर २००३-०४ सालचा कॉपीराइट उषोदया एंटरप्रायझेस या रामोजी समूहातल्या कंपनीचा आहे. हाच समूह ईनाडू या तेलुगू दैनिकाचा, ईटीव्हीचा, आणि तेव्हा आपण घराघरात पाहिलेल्या ईटीव्ही मराठीचाही. इंजिन लिहिणाऱ्यांपैकी डॅन डेनेडी हे किनोच्याही कामात होते. टीव्हीच्या गरजेतून निघालेला हा कोड मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. माझ्या खेड्यातल्या लॅपटॉपवर चालतो तो त्याच घराण्यातला.

मी वापरतो तो मुक्त एडिटर, केडेनलाइव्ह, २००२ मध्ये जेसन वुड यांनी सुरू केला. पुढे जाँ-बाप्तिस्त मार्देल यांनी तो एमएलटीवर उभा केला. तरी आवाजाची अडचण बरीच वर्षं राहिली: फाइलीत आवाजाचे चार प्रवाह, म्हणजे सुटे ट्रॅक, असले तरी एडिटर त्यातला एकच घ्यायचा. मग टर्मिनलवर एफएफएमपेगची कमांड देऊन एकेक आवाज बाहेर काढायचा आणि पहिल्या घंटेच्या ठोक्यावर नेम धरून तो चित्राखाली हाताने बसवायचा. काही फ्रेम सरकल्या तरी ओठ आणि शब्द जुळत नसल्याचा भास व्हायचा.

ऑगस्ट २०२० च्या केडेनलाइव्हच्या २०.०८ आवृत्तीत एकाहून जास्त ऑडिओ प्रवाह घेण्याची सोय आली. आता क्लिपच्या गुणधर्मांत हवे ते प्रवाह निवडले की ते टाइमलाइनवर एकाखाली एक उतरतात. जुना लॅपटॉप ५० मेगाबिटच्या चित्राने दमतो, म्हणून आधी प्रॉक्सी, म्हणजे हलकी प्रत, करून ठेवतो. मग नायिका आईशी बोलायला लागली की चौथ्या ट्रॅकवरचा ऑर्गन हळूच खाली घेतो, आणि तिची झाडीबोली अक्षर न अक्षर ऐकू येते.