मोहरीचं ऐका, भाकरीला हात लावा
बोलका काटा, पातळीचा बीपर आणि उठावाचे ठिपके घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

न बघता स्वयंपाक करणाऱ्यांना लागणाऱ्या वस्तूंचं आमचं दुकान दोघींचं. एक जन्मापासून अंध, दुसरी डोळस. विक्रीला ठेवण्याआधी प्रत्येक वस्तू पहिलीच्या ओट्यावर निदान एक पावसाळा काढते. तिथे टिकली तरच तुमच्या पिशवीत येते, आणि सोबत हे पत्रक. ब्रेलमध्ये किंवा ऐकायला हवं असेल तर मागून घ्या, वेगळे पैसे नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो, धंद्याला बरी नसली तरी. आपल्या स्वयंपाकाला आमच्या वस्तू फार लागत नाहीत. तांदळावर बोट टेकवून एक पेर पाणी घालणाऱ्या आजीने कुठे मापाच्या भांड्यावरच्या रेघा वाचल्या होत्या? कुकरच्या शिट्ट्या सगळं घर आतल्या खोलीतून मोजतं. नजर गेल्यावर (किंवा नसताना) नवं शिकायचं असतं ते जाळ, धार आणि ओव्हन यांच्याशी वागणं. म्हणून या पत्रकात त्याच गोष्टी जास्त आल्या आहेत.

आधी भांडं, मग जाळ

बर्नर थंड असताना भांडं ठेवा. बोटांनी खालच्या स्टँडचे फाटे चाचपून भांडं मधोमध आलं का बघा, दांडा एका ठरलेल्या दिशेला वळवा आणि ती दिशा रोज तीच ठेवा. मग लायटर बर्नरपाशी न्या आणि त्यानंतरच बटण फिरवा. उलट केलं तर गॅस साचून भपका होतो. आपल्याकडच्या शेगड्यांवर बटण दाबून डावीकडे पाव फेरा फिरवला की जाळ सर्वांत मोठा, आणि तसंच पुढे नेलं की बारीक. नव्या माणसाची इथेच गफलत होते, कारण "कमी फिरवलं म्हणजे कमी जाळ" असं वाटतं. कानाचा उपयोग करा: मोठ्या जाळाचा सुसाट आवाज येतो, बारीक जाळ जेमतेम कुजबुजतो.

शेगडीच्या बटणावर आमचे ठिपके (हाताला लागणारे, खुणेसाठी चिकटवायचे) लावू नका. उष्णतेने त्यांचा गोंद सुटतो. तिथे एम-सीलचा ज्वारीएवढा ठिपका करा, वर्षानुवर्षं राहतो.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. शंका आली तर वाकून जमिनीलगत वास घ्या. वास आला तर लायटर नको, दिव्या-पंख्याचं बटणही नको. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि बाहेरूनच १९०६ या गॅस गळतीच्या मदत क्रमांकाला फोन लावा.

फोडणी

फोडणी हे मुळात कानाचंच काम आहे, आणि डोळसांची ती बिघडते तेव्हा ते बहुधा मोबाइलमध्ये बघत असतात.

तेल पळीनेच मोजा. भांड्यातून ओतू नका. तापलं का हे कळायला एकच मोहरी टाका. काही झालं नाही तर थांबा. दोन-तीन क्षणांत ती तडकली, तर बाकीची मोहरी टाकून झाकण अर्धवट ठेवा. आता ऐकायचं. आधी एखादी, मग सर आल्यासारखी सगळी, आणि मग तडतड विरळ होत जाते. ती विरळ झाली की लगेच जाळ बारीक करा. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर मोहरी कडू होते. मग जिरं; त्याचा आवाज कमी आणि वास जास्त. हिंगाचा वास नाकाशी आला की गॅस बंद करून हळद घाला, कारण जळकी हळद नाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. कढीपत्ता ओला असेल तर फडक्यात पुसून घ्या. ओला कढीपत्ता तेलात पडला की हातावर तेल उडणारच.

कांद्याचंही तसंच. आधी ओली चर्रचर्र आणि नाकात झोंबणारा वास, मग आवाज कोरडा होतो, वास गोडसर होतो आणि उलथनं सहज फिरतं. तळणीच्या तेलात लाकडी डावाचा दांडा उभा धरला की बुडबुड्यांची थरथर हाताला कळते. पुरी झाऱ्यावरून सोडा, बोटांनी नको.

भाकरी

पोळीपेक्षा भाकरी आधी शिका असं आमचं मत आहे, आणि त्यावरून दुकानात वाद होतात. पोळपाट-लाटण्यात हात आणि पीठ यांच्यामध्ये लाकूड येतं. भाकरी मात्र तळहाताखालीच असते. परातीत कोरडं पीठ पसरून गोळा थापताना कडेला जाड आहे की मध्ये, हे बोटांना लगेच कळतं. कडेवरून करंगळी फिरवली की गोलाई कळते, चीर लागली की तिथेच बोटाने मिटवता येते.

तव्याचा दांडा आपल्याकडे ठेवा. तळहात चार बोटं वर धरून तव्याचा मध्य शोधा. तिथे आच सगळ्यांत जास्त लागते. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाकली की ओला हात तिच्यावरून फिरवायचा, सगळीकडे, कडांनाही. पाणी वाळलं का हे डोळस माणूस चमक गेली यावरून ओळखतो. तुम्ही बोटाचं टोक टेकवा: ओलं लागत नाही, पण अजून मऊ आहे, ती उलटायची वेळ. दुसरी खूण दांड्यातून मिळते. दांडा धरून हलका हिसका द्या. भाकरी चिकटून बसली असेल तर अजून वेळ आहे, सुटून सरकली तर खालची बाजू झाली. थेट जाळावर फुगवायचा हट्ट सुरुवातीला सोडा. तव्यावरच उलटून घडीच्या फडक्याने कडा दाबा, वाफ भरली की ती फडक्याला वर ढकलते.

विळी की सुरी

ज्यांचा हात विळीवर बसलेला आहे त्यांनी ती सोडू नये. पातं एका जागी असतं, हात त्याच्याकडे जातो. सुरीत पातं फिरतं. मात्र उठताना पातं मिटलंच पाहिजे, फोन वाजला तरी. सुरी वापरत असाल तर चिरायची पाटी परातीत ठेवा म्हणजे चिरलेलं ओट्यावर सांडत नाही, आणि धरणाऱ्या हाताची बोटं आत मुडपून पातं बोटांच्या पेरांना लागून चालू द्या. बोथट सुरीनेच हात जास्त कापतो. धार लावून घ्या.

तुम्ही घेतलेल्या वस्तू

पातळीचा बीपर कपाच्या कडेला अडकवतात. चहा त्याच्या तारांना टेकला की तो वाजतो, कारण चहातून वीज वाहते. तेलातून वाहत नाही, म्हणून तेलात तो कधीच वाजणार नाही. "बिघडला" म्हणून परत आलेले बहुतेक बीपर तेलाच्या बरणीत बुडवलेले होते.

बोलका काटा वजन बोलून सांगतो, पण इंग्रजीत. रिकामं भांडं ठेवून शून्याचं बटण दाबा, मग जिन्नस घाला.

ठिपके कमी लावा. ओव्हनच्या बटणापाशी एक "बंद"ला आणि एक १८० ला, बास. पाच ठिपके लावले की कुठला कशाचा हे आठवत बसावं लागतं. डब्यांना ब्रेल येत असेल तर एक अक्षर पुरतं. भारती ब्रेलमधला (आपल्या भाषांसाठीच्या ब्रेलमधला) म हा इंग्रजी ब्रेलच्या एमसारखाच आणि स हा एससारखा, त्यामुळे मीठ आणि साखर शाळेत या दोन्हींपैकी कुठलीही ब्रेल शिकलेल्याला वाचता येतात. ब्रेल येत नसेल तर मिठाला एक रबरबँड, साखरेला दोन. हिंगाला काही लावायची गरज नाही.

ओव्हन आणि नानकटाई

ओव्हन घेताना फिरवायच्या बटणांचाच घ्या. काचेवरच्या सपाट बटणांवर बोट ठेवलं की तीच बटणं दाबली जातात, मग चाचपायचं कसं? टिकटिक करून घंटा वाजवणारं घड्याळ स्वस्त ओव्हनला असतं, महागाला बहुधा नसतं. हा आमच्यासाठी फायद्याचा भाग.

जाळी कुठल्या खाचेत आहे ते ओव्हन थंड असतानाच बघून ठेवा. भाजतं ते बोटांना नाही, मनगटाच्या वरच्या बाजूला, वरच्या सळईला लागून. म्हणून कोपरापर्यंतचे हातमोजे.

सुरुवात नानकटाईने करा. तूप १०० ग्रॅम आणि पिठीसाखर १०० ग्रॅम हाताने फेसा. आधी खरखर लागते, मग लोण्यासारखं हलकं लागतं. त्यात मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, चिमूटभर सोडा, वेलची. लिंबाएवढे गोळे, मध्ये दोन बोटांचं अंतर, १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. भाजल्या बेसनाचा वास घरभर झाला की उलथन्याने एक ढकलून बघा. अखंड सरकली तर झाली. मऊ लागते म्हणून परत आत ठेवू नका. गरम नानकटाई मऊच असते, गार झाल्यावर खुसखुशीत होते.

केक बाहेर काढला की कान वीतभर अंतरावर आणा. कच्च्या केकमधून बुडबुड्यांची बारीक सुरसुर ऐकू येते, झालेला जवळजवळ गप्प असतो. मध्यावर बोट दाबून उचललं की तो वर आला पाहिजे. २०१२ साली अमेरिकेतली मास्टरशेफ स्पर्धा ख्रिस्टीन हा या अंध स्वयंपाकिणीने जिंकली. त्यात त्यांनी केलेल्या सफरचंदाच्या पायवर परीक्षक गॉर्डन रॅमसे यांनी सुरी घासून कुरकुरीत कवचाचा आवाज त्यांना ऐकवला होता. नानकटाईवर नखाने तेच करून बघा.

घरातल्या डोळस माणसांसाठी

वस्तू जिथून उचलली तिथेच ठेवा. वरच्या कपाटाचं दार उघडं सोडू नका. सुरी साबणाच्या पाण्यात टाकू नका. स्वयंपाकघरात आलात तर बोला, नुसते मागे उभे राहू नका. आणि न विचारता फडताळ आवरू नका. एका दिवाळीत आमच्याकडे आलेल्या आत्याने मायेने डबे पुसून नवीन क्रमाने लावले, आणि बेसनाच्या लाडवांत पिठीसाखरेऐवजी तांदळाची पिठी गेली. चिमटीत दोन्ही सारख्याच लागतात. वळताना काहीच कळलं नाही. ५० लाडू झाल्यावर पहिला घास आत्यानेच घेतला.

बदलून देण्याबद्दल

काटा बोलेनासा झाला तर आधी सेल बदला, बटण ओलं झालं असेल तर एक दिवस कोरडं होऊ द्या. तरीही गप्प असेल तर घेऊन या. बीपर तेलात बुडवला असेल तर तसं सांगा, पुसून देऊ.