रेमाँ कोपा

रेमाँ कोपा (13 ऑक्टोबर 1931 – 3 मार्च 2017) हे फ्रान्सचे थोर फुटबॉलपटू. मूळ आडनाव कोपाशेव्स्की. उत्तर फ्रान्सच्या कोळसापट्ट्यातील न्यो-ले-मीन या गावी, पोलंडहून पोटासाठी आलेल्या खाणकामगारांच्या घरात त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षापासून ते स्वतःही खाणीत उतरू लागले. जमिनीखाली 600 मीटरहून खोल, कोळशाचे डबे ढकलण्याचे काम. तिथल्या एका अपघातात डाव्या हाताचे बोट जायबंदी झाले. खाणीतून सुटायला फुटबॉल हीच एक वाट दिसत होती, आणि ती त्यांनी घट्ट धरून ठेवली.

आँजे क्लबकडून दोन मोसम खेळून 1951 मध्ये ते रँस संघात आले. ठेंगणे, दणकट, चेंडू पायाला चिकटल्यासारखा घेऊन चार जणांच्या घोळक्यातून अलगद निसटणारे. चेंडू फार वेळ स्वतःकडेच ठेवतात, अशी टीका त्यांच्यावर नेहमी होई. प्रशिक्षक आल्बेर बातो यांनी मात्र त्यांना ड्रिबलिंग कधी सोडू दिले नाही, आणि रँसचा तो डौलदार खेळ घडला तो या विश्वासामुळेच. 13 जून 1956 रोजी पॅरिसला युरोपियन कप या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेचा पहिलावहिला अंतिम सामना झाला. पहिल्या दहा मिनिटांतच रँसने 2–0 अशी आघाडी घेतली, पण सामना रेआल माद्रिदने 4–3 असा जिंकला. कोपा यांचा माद्रिदशी करार त्याआधीच ठरला होता.

माद्रिदमध्ये मधली जागा आल्फ्रेदो दि स्तेफानो यांची. त्यामुळे कोपा यांना उजव्या बगलेवर जावे लागले, तरी त्यांची चमक उणावली नाही. 1957, 1958 आणि 1959 असे सलग तीन युरोपियन कप त्यांनी जिंकले. तिसऱ्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी होता त्यांचाच जुना रँस.

स्वीडनमधील 1958 चा विश्वचषक हे त्यांच्या कारकिर्दीचे शिखर. देशाच्या संघात ते पुन्हा मधोमध खेळले. संघातले सहकारी जुस्त फोंतेन यांचा एकाच विश्वचषकातील 13 गोलांचा विक्रम आजही अबाधित आहे. पण त्यांतल्या कित्येक गोलांची वाट कोपा यांच्या पायांनी मोकळी केली, हे विसरून चालणार नाही. उपांत्य सामन्यात बचावपटू रोबेर जाँके जखमी झाले. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. ब्राझीलने 5–2 असा विजय मिळवला आणि फ्रान्स तिसरा आला. त्याच वर्षी कोपा यांना युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बालाँ दॉर हा पुरस्कार मिळाला; हा मान मिळवणारे ते पहिले फ्रेंच खेळाडू. देशासाठी 45 सामन्यांत त्यांनी 18 गोल केले.

1959 मध्ये ते रँसला परतले आणि 1967 पर्यंत तिथेच खेळले. या काळातली त्यांची मैदानाबाहेरची लढाई गोलांइतकीच मोलाची आहे. फ्रान्समध्ये व्यावसायिक खेळाडू वयाच्या पस्तिशीपर्यंत क्लबला बांधलेला असे. त्याला विकायचे की ठेवायचे, ते क्लबच ठरवी. खेळाडू गुलाम आहेत, असे कोपा यांनी 1963 मध्ये जाहीरपणे म्हटले आणि त्याबद्दल त्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. देशातला सर्वांत नावाजलेला खेळाडू सहकाऱ्यांसाठी स्वतःची जागा पणाला लावतो, ही गोष्ट लहान नव्हे. ठरावीक मुदतीचे करार अखेर 1969 मध्ये आले. तोवर कोपा निवृत्त झाले होते.

आँजे येथेच त्यांचे निधन झाले. तिथल्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे. 2018 पासून 21 वर्षांखालील सर्वोत्तम खेळाडूला कोपा चषक देतात. पहिला मानकरी किलियन एम्बापे.