प्राचीन जलवाहिन्या : उंचीपेक्षा उतार आणि गाळ पाहावा

रोमचा जलअधिकारी फ्रंटिनस याने इसवी सन 97 मध्ये कारभार हाती घेतला आणि शहराला पाणी आणणाऱ्या नऊ वाहिन्यांची तपशीलवार नोंद केली. तीत त्याने इजिप्तचे पिरॅमिड निरुपयोगी ठरवले आणि ग्रीकांच्या नावाजलेल्या वास्तूंनाही तोच शेरा दिला. संस्कृतींची थोरवी तोलायची हौस एवढी जुनी आहे. मात्र तुलनेचा खरा निकष त्याच नोंदीत पुढे सापडतो: या वाहिन्यांच्या देखभालीसाठी 700 कामगारांचे कायमचे पथक होते, आणि चुन्याचे काम थंडीत गोठून बिघडू नये म्हणून दुरुस्ती एप्रिल ते ऑक्टोबर या काळात, ऐन उन्हाळा वगळून, करावी असा दंडक होता.

पाणी खेळवणाऱ्या बांधकामात पहिली कसोटी उताराची. फ्रान्समधल्या नीम शहराची रोमन वाहिनी सुमारे 50 किलोमीटर लांब, पण सगळा मिळून उतार जेमतेम 12.6 मीटर. म्हणजे किलोमीटरला सरासरी 25 सेंटिमीटर. वाटेतला पाँ द्यु गार हा जवळपास 49 मीटर उंच पूल पाहायला लोक जातात. मोजणीदारांचे कसब मात्र त्या 25 सेंटिमीटरमध्ये आहे. तिथले झऱ्याचे पाणी चुनखडीयुक्त असल्याने भिंतींवर थर चढत गेले, काही भागांत जवळपास अर्धा मीटर जाडीचे. ते खरवडणे थांबले तेव्हा वाहिनी आक्रसत गेली.

डोंगर फोडायचा तर दुसरी अडचण दिशेची. सामोस बेटावर युपालिनोसने इसवी सनपूर्व सहाव्या शतकात 1036 मीटरचा बोगदा दोन्ही तोंडांनी खणला आणि भेटीची जागा जवळ येताच दोन्ही बाजू मुद्दाम वळवल्या, जेणेकरून रेषा चुकल्या तरी एकमेकींना छेदतील. ही अक्कल सर्वांना सुचली नाही. अल्जीरियातल्या साल्डे इथे रोमन काळात दोन टोळ्या आपापल्या उजव्या हाताला सरकत गेल्या आणि खणलेली लांबी डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त भरली तरी गाठ पडली नाही. काम सावरायला नोनियस डेटस या लष्करी मोजणीदाराला परत बोलवावे लागले. ही हकीकत त्याच्याच शिलालेखात कोरलेली आहे.

इराणमधल्या कनातींत, म्हणजे भूजल उतारावरून गावापर्यंत आणणाऱ्या भूमिगत बोगद्यांत, ही चूक मुळातच आटोक्यात राहते, आणि म्हणून त्या मला या सर्वांत सरस वाटतात. डोंगराच्या पायथ्याशी आधी चाचणीची विहीर खणतात; पाणी लागले की काही दिवस त्याची पातळी आणि आवक पाहतात. खात्री पटली की तीच मूळ विहीर. तिथून खालच्या गावापर्यंत पातळी मोजून पाणी बाहेर पडण्याची जागा ठरते, आणि बोगदा त्या तोंडाकडून, म्हणजे कोरड्या बाजूने, वर खणत नेतात. शेवटी पाणी लागते तेव्हा ते खणणाऱ्याच्या मागे वाहून जाते. वाटेत साधारण 20 ते 50 मीटरवर उभ्या विहिरी असतात. हवा त्यांतून, माती चरखीने त्यांतूनच, आणि दिशा चुकली तर पुढच्याच विहिरीशी कळते. काढलेली माती या विहिरींच्या तोंडाभोवती कड्यासारखी रचतात. त्यामुळे पुराचे पाणी आत शिरत नाही. भुसभुशीत जमिनीत भाजलेल्या मातीची अंडाकृती कडी बसवतात. उतार हजारास एक किंवा त्याहून कमी. जास्त ठेवला तर पाणी तळ कोरते आणि छत ढासळते, फारच कमी ठेवला तर गाळ बसतो. गोनाबादची कनात 33 किलोमीटरहून लांब असून तिची मूळ विहीर 300 मीटरपेक्षा खोल आहे.

सिंधू संस्कृतीचा प्रश्न वेगळा होता. मोहेंजोदडोत विहिरी घरोघरी, गल्लोगल्ली होत्या, तेव्हा पाणी दुरून आणण्यापेक्षा सांडपाणी बाहेर काढणे महत्त्वाचे. उंची, रुंदी आणि लांबी 1:2:4 प्रमाणात असलेल्या भाजक्या विटांची गटारे, वर काढता येतील अशी झाकणे, मध्ये गाळ बसायला खड्डे. महास्नानगृहाच्या 12 गुणिले 7 मीटरच्या कुंडाला गळती होऊ नये म्हणून जिप्सममध्ये बसवलेल्या विटा आणि मागे डांबराचा थर दिला होता. कच्छमधल्या धोलावीरात पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. तिथे मनसर आणि मनहर या हंगामी ओढ्यांना बंधारे घालून पाणी खडकात कोरलेल्या तलावांत वळवले.

कनातीचे तंत्र पुढे दख्खनमध्येही पोचले. बुऱ्हाणपूरला 1615 च्या सुमारास तापीकाठी शंभराहून अधिक कुंड्यांची (म्हणजे उभ्या विहिरींची) भूमिगत वाहिनी उभी राहिली, आणि खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने नहर-ए-अंबरी बांधली. दोन्हीकडे पाझरणारे भूजल बोगद्यात गोळा होऊन निव्वळ उतारावर वाहते. अशा वाहिनीला धोका दोन बाजूंनी. आसपास खोल बोअर घेतल्या की पाण्याची पातळी बोगद्याच्या तळाखाली जाते आणि वाहिनी चांगल्या स्थितीत असूनही कोरडी पडते. कुंडीवर स्लॅब टाकला की त्या टप्प्यातला गाळ काढायला माणूस उतरू शकत नाही. वरच्या बाजूला पाणी तुंबते, भिंती भिजून सुटतात आणि पडझड बंद कुंडीच्या आसपास सुरू होते.