अ‍ॅक्सेस: ‘सेट कंट्रोल डिफॉल्ट्स’ वेगळं, ‘फॉर्म टेम्पलेट’ वेगळं

“डिफॉल्ट एकदा सेट केलं होतं, मग नव्या फॉर्मवर परत जुनाच फॉण्ट का येतो?” मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये फॉर्म बनवणारे हे विचारतात. उत्तर दर वेळी तेच असतं: सेट केलं ते त्या एका फॉर्मपुरतं होतं.

टेक्स्ट बॉक्स, लेबल, बटण असे फॉर्मवरचे घटक म्हणजे कंट्रोल. टेक्स्ट बॉक्सचा फॉण्ट, रंग, उंची बदलणं तुम्हाला येतंच. ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ही बाजूला ठेवा, नव्या नोंदीत आपोआप काय भरायचं ते ती सांगते, दिसण्याशी तिचा संबंध नाही.

समजा, रावेरच्या केळी व्यापाऱ्यासाठी आवक नोंदवायचा फॉर्म आहे: शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, वजन क्विंटलमध्ये, भाव. टेक्स्ट बॉक्सला निर्मला यूआय हा फॉण्ट १२ आकारात द्या आणि उंचीही वाढवा, कारण बॉक्स बुटका राहिला की ‘भुसावळ’चा उकार खालून कापला जातो. मग तो बॉक्स निवडून फॉर्म डिझाइन टॅबवर कंट्रोल्सच्या चौकटीचा खालचा बाण उघडा आणि ‘सेट कंट्रोल डिफॉल्ट्स’ दाबा. यापुढे या फॉर्मवर येणारा प्रत्येक नवा टेक्स्ट बॉक्स तसाच येईल. आधीचे बॉक्स हलत नाहीत. त्यांचा फॉण्ट आणि रंग बदलायला फॉरमॅट पेंटरवर डबल-क्लिक करून तो एकेकावर फिरवा. टेक्स्ट बॉक्सचं डिफॉल्ट कॉम्बो बॉक्सला, म्हणजे यादीतून निवडायच्या चौकटीला, लागत नाही. टेबलात ‘गाव’ लुकअप (यादीतून निवडायचं) ठेवलं असेल तर फील्ड लिस्टमधून, म्हणजे टेबलातल्या रकान्यांच्या यादीतून, ते फॉर्मवर ओढल्यावर कॉम्बो बॉक्सच येतो, आणि तो जुन्याच रूपात.

खरी गफलत पुढे होते. हे डिफॉल्ट फॉर्मच्या पोटात साठतं. दुसरा फॉर्म कोरा काढला की त्याला यातलं काहीच माहीत नसतं. सगळ्या नव्या फॉर्मना तेच हवं असेल तर हा फॉर्म सेव्ह करून त्याला टेम्पलेट करावं लागतं: फाइल, ऑप्शन्स, ऑब्जेक्ट डिझायनर्स, तिथे ‘फॉर्म टेम्पलेट’च्या रकान्यात ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं, ते खोडून आपल्या फॉर्मचं नाव लिहा. रिपोर्टसाठी शेजारी वेगळा रकाना आहे, तोही भरा.

आता नीट लक्ष द्या. रकान्यातलं नाव कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅक्सेसच्या सेटिंगमध्ये राहतं, पण त्या नावाचा फॉर्म डेटाबेसच्या फाइलमध्ये असतो. नवी फाइल उघडली की नाव तेच, फॉर्म मात्र गायब. अ‍ॅक्सेस काही न बोलता मूळचं ‘नॉर्मल’ वापरतं. उलट, फाइल धुळ्याच्या ऑफिसातल्या मशीनवर नेली तर फॉर्म सोबत जातो, पण तिथल्या ऑप्शन्समध्ये ‘नॉर्मल’च असतं. म्हणून सरळ त्या फॉर्मलाच इंग्रजी अक्षरांत ‘नॉर्मल’ हे नाव द्यावं. मग ऑप्शन्सला हात लावावा लागत नाही, आणि नव्या फाइलमध्ये तेवढा एक फॉर्म इम्पोर्ट केला की झालं. ऑप्शन्समध्ये नाव बदलायची पद्धत आम्ही सुचवतच नाही.

टेम्पलेटमधून नव्या फॉर्मवर सेक्शन (फॉर्मचे वरचा, मधला, खालचा असे भाग), त्यांची मापं आणि कंट्रोलची डिफॉल्ट्स येतात. कंट्रोल स्वतः येत नाहीत. पेढीचं नाव, लोगो, ‘सेव्ह’चं बटण हवं असेल तर फॉर्म कॉपी-पेस्ट करून त्यावर काम करा, टेम्पलेटकडून ती अपेक्षा ठेवणं चूक आहे. टेम्पलेट नंतर बदललं तरी आधी काढलेले फॉर्म जसेच्या तसे राहतात. विझार्डने, म्हणजे प्रश्न विचारत फॉर्म बनवून देणाऱ्या सोयीने, काढलेला फॉर्म तर टेम्पलेटकडे बघतही नाही. ‘क्रिएट’ टॅबवरच्या ‘फॉर्म डिझाइन’मधूनच सुरुवात करा.

आणि लेबलमागचा कोलन चाळीस ठिकाणी हाताने खोडणं कृपा करून थांबवा. प्रॉपर्टी शीट (निवडलेल्या कंट्रोलचे गुणधर्म दाखवणारी चौकट) उघडी ठेवून कंट्रोल्समधल्या टेक्स्ट बॉक्सच्या चिन्हावर फक्त क्लिक करा, फॉर्मवर काढू नका. शीटवर त्या प्रकाराचं डिफॉल्ट दिसतं. तिथे ‘अ‍ॅड कोलन’ला ‘नो’ करा, लेबल किती अंतरावर हवं ते ‘लेबल एक्स’मध्ये लिहा आणि लेबलच नको असेल तर ‘ऑटो लेबल’ बंद करा. हे टेम्पलेटच्या फॉर्मवर करून सेव्ह केलं की पुढच्या प्रत्येक नव्या फॉर्मवर लेबलं तशीच येतात.