बुर्झहोमचा खड्डा आणि इनामगावची गोल झोपडी

उत्खननाच्या अहवालातला नकाशा पाहताना फसायला होतं. कागदावर एक वर्तुळ आणि त्याच्या कडेने ठिपके. ठिपके म्हणजे खांबांची भोकं. लाकूड केव्हाच कुजलं, पण त्या जागची माती वेगळ्या रंगाची राहिली. काश्मीरमधल्या बुर्झहोमचं घर असं दिसतं आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचंही. मग दोन्ही ‘प्राचीन गोल घरं’ म्हणून एकत्र सांगितली जातात, आणि ते मला मनापासून खटकतं. एक घर थंडीपायी जमिनीत उतरलं आहे. दुसरं जमिनीवरच उभं आहे, आणि त्याच्या गोलाईचा थंडीशी काही संबंध नाही.

बुर्झहोम श्रीनगरपासून सुमारे १६ किलोमीटरवर. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात इथल्या नवाश्मयुगीन लोकांनी करेवाच्या, म्हणजे काश्मीर खोऱ्यातल्या सपाट उंचवट्यांच्या, मऊ पण घट्ट मातीत खड्डे खणले. तोंड अरुंद, बूड रुंद, अगदी मडक्यासारखे. सर्वांत मोठा वर २.७४ मीटर, तळाला ४.५७ मीटर आणि ३.९५ मीटर खोल. आतून मातीचा गिलावा, उतरायला काही पायऱ्या. तोंडाभोवतीच्या खांबांवर छप्पर असावं. भरावात भूर्जाचे अवशेष मिळाले आहेत, म्हणजे वर भूर्जाची साल अंथरत असतील. जमिनीखाली दोन-तीन मीटरवर हिवाळा-उन्हाळ्याचा फरक फार कमी पोहोचतो. वर बर्फ असलं तरी खाली माती गोठत नाही, आणि अरुंद तोंडातून ऊबही कमी निसटते. चुली आत आहेत तशा वर तोंडाजवळही आहेत. त्यावरून उन्हाळ्यात माणसं वर राहत असावीत, असा अंदाज बांधतात.

काही अभ्यासकांना मात्र हे खड्डे घरं वाटतच नाहीत. ती धान्याची पेवं असावीत, असं ते म्हणतात. आपल्याकडे पेव ठाऊक असल्यामुळे ही शंका लगेच पटते. तरी पायऱ्या, गिलावा आणि आतली राख पाहता निदान मोठ्या खड्ड्यांत माणसं राहिली असावीत, असं मला वाटतं. पुढे याच लोकांनी कित्येक खड्डे बुजवले आणि वर मातीची, कच्च्या विटांची घरं बांधली.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. डेक्कन कॉलेजने इथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. संकालिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इथलं पहिलं नवल असं, की आधीची घरं गोल नव्हतीच. इ.स.पू. १४०० ते १००० या काळात, म्हणजे आद्य जोर्वे काळात (जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या सुरुवातीच्या टप्प्यात), माणसं प्रशस्त आयताकृती घरांत राहत होती. ठेंगण्या मातीच्या भिंती, त्यावर कूड आणि गवताचं छप्पर. एक घर तर पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार. नदीचं पाणी वळवायला पाटही काढलेला.

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटतं. आयत जाऊन लहान गोल झोपड्या येतात, बऱ्याचदा दोन-चार मिळून एका अंगणाभोवती. गहू घटतो, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढतात. ढवळीकरांनी याचं कारण कोरड्या पडत गेलेल्या हवामानात शोधलं: पीक हातचं जाऊ लागलं आणि शेतकरी निम्मा भटका झाला. गोल झोपडीला लाकूड कमी लागतं, ती पटकन उभी राहते आणि सोडून जाताना जीवही कमी तुटतो. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठलं.

म्हणजे बुर्झहोमची माणसं खड्ड्यातून वर आली, इनामगावची मोठ्या घरातून झोपडीत आली. गंमत अशी की इनामगावच्या सर्वांत जुन्या, जोर्वेच्याही आधीच्या माळवा संस्कृतीच्या काळात जमिनीत खोदलेलं घरही सापडलं आहे, म्हणून नुसत्या गावाच्या नावावर भिस्त ठेवून चालत नाही. अहवाल हाती आला तर आडवा नकाशा बाजूला ठेवा आणि उभा छेद पाहा. मडक्यासारखी पोकळी दिसली तर तो खड्डा. चोपलेली सपाट जमीन आणि तिच्यावर पडलेली कुडाच्या मातीची ढेकळं दिसली तर ती झोपडी.