फ्रीलान्सरला बिझनेस प्लॅन लागत नाही?

‘बिझनेस प्लॅन बँकेला दाखवायला असतो, आपल्याला कुठे कर्ज काढायचंय?’ फ्रीलान्स करणाऱ्यांत हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली माणसं राबूनही तिथल्या तिथे राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उदाहरणार्थ, एखादी अनुवादक शब्दाला दीड रुपया घेते, दिवसाला 2,000 शब्द करते. महिन्याचे 25 दिवस धरले तर 75,000 होतात. पण तपासणी, फोन, कोटेशन, बिलांचा पाठपुरावा यांत दिवस जातात. प्रत्यक्ष अनुवादाला उरतात जेमतेम 14. म्हणजे 42,000. तिला 60,000 हवे असतील, तर त्याच 28,000 शब्दांना दर सव्वादोनच्या आसपास न्यावा लागेल. आता प्रश्न नेमका झाला: हा दर कोण देईल? कायद्याची कागदपत्रं की औषधांची माहितीपत्रकं? ते काम शिकायला किती महिने? तोवर घरखर्च कशातून? ही उत्तरं एका पानावर लिहिली की झाला प्लॅन.

त्यात वसुलीही लिहा. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून होणारी नोंद, मोफत आहे, एकट्या व्यावसायिकालाही करता येते. 2006च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज मागता येतं. तेव्हा बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख टाकाच.